रिपोर्टमध्ये ‘मेंदू आकसलाय’ असं लिहिलंय, म्हणजे काय?

प्रश्न : माझी आई ६९ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती गप्प झाली, भूक मेली, पहाटे तीनला जाग येते. आता गॅसवर ठेवलेलं दूध विसरते, ‘मला काहीच आठवत नाही’ असं सारखं म्हणते. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य सांगून गोळी सुरू केली आणि एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये ‘वयानुरूप संकोच, पांढऱ्या भागात डाग, फॅझेकास १’ असं आहे. मामा म्हणतात, हा अल्झायमरच, पेट स्कॅन करून घ्या. काय करावं? (सातारा)

उत्तर : आधी रिपोर्ट वाचू. त्यातला ‘वयानुरूप’ हा शब्द दिलासा देणारा आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावर मेंदू थोडा आकसलेला दिसणं हे केस पिकण्यासारखंच. डागांचं म्हणाल, तर ते एमआरआयच्या फ्लेअर प्रकारच्या चित्रांत पांढरे चमकतात आणि त्यांची ‘फॅझेकास’ नावाची प्रतवारी ० ते ३ अशी करतात. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे एकमेकांना जुळू लागलेले, ३ म्हणजे मिसळून मोठे पट्टे झालेले. साठी ओलांडलेल्या पुष्कळांच्या मेंदूत १ दिसतो. २ किंवा ३ असता, तर रक्तदाब आणि साखर यांकडे अधिक काटेकोरपणे बघावं लागलं असतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे उतारवयात पहिल्यांदाच नैराश्य येतं, ही कल्पना १९९७ साली मांडली गेली. अशा रुग्णांचा विचारांचा वेग मंदावतो आणि गोळ्यांचा गुणही उशिरा येतो.

तुम्ही कळवलेल्या मजकुरात मात्र एक आकडा नाही. तो रेडिऑलॉजिस्टकडून जरूर मागून घ्या. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस असतो. नव्या आठवणी बसवणारा हा भाग किती आकसला आहे, याची ० ते ४ अशी श्रेणी असते. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा त्याहून जास्त आणि पंचाहत्तरीनंतर ३ किंवा त्याहून जास्त श्रेणी आली, तर ती वयाच्या मानाने अधिक समजतात. आपण हेअरबँड लावतो त्या दिशेने घेतलेल्या पातळ कापांवर ही श्रेणी ठरते. नुसत्या फिल्मवर ते काप पुष्कळदा नसतात, म्हणून सीडीही घ्या. ही श्रेणी ० किंवा १ आली, तरी अल्झायमर नाही असा दाखला मिळत नाही. फक्त संशयाचं पारडं हलकं होतं.

आता विस्मरणाची तऱ्हा. नैराश्यात माणूस ‘माहीत नाही’ म्हणून प्रश्न सोडून देतो, पण थोडी खूण दिली की त्याला आठवतं. अल्झायमरमध्ये खूण देऊनही आठवत नाही, कारण ती गोष्ट मुळात साठवलीच गेलेली नसते. शिवाय तिथे तक्रार बहुधा घरचे करतात. रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो. तुमच्या आई स्वतःहून तक्रार करतात, पहाटे उठतात, जेवत नाहीत. हे सगळं नैराश्याकडे झुकणारं आहे. दुधावरून मात्र काहीच ठरत नाही, ते दोन्हींत उतू जातं.

पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेलं मेंदूचं चित्र, आत्ता नको. अल्झायमरमधलं अमायलॉइड नावाचं प्रथिन दाखवणारा पेट स्कॅन सत्तरीतल्या ठणठणीत माणसांपैकीही साधारण चारपाचांत एकाचा ‘पॉझिटिव्ह’ येतो. एफडीजी पेट मेंदूतला साखरेचा वापर मोजतो, आणि तो वापर नैराश्यातही काही भागांत घटतो. नैराश्य ऐन भरात असताना केलेला स्कॅन गोंधळ वाढवतो आणि घरात उगाच घबराट होते. नैराश्य ओसरूनही विस्मरण वाढतच गेलं, तर त्याचा उपयोग आहे.

त्याआधी स्वस्तातल्या तपासण्या करा : बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन आणि सोडियम. सोडियमचा आग्रह यासाठी, की नैराश्याच्या अनेक गोळ्यांनी वृद्धांचं सोडियम उतरतं. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अधिकच. सोडियम उतरलं की माणूस बावचळतो, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. गोळी सुरू झाल्यावर २ ते ४ आठवड्यांनी ही तपासणी परत करावी. कानही तपासून घ्या. जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून?

स्मृतीची चाचणी मराठीतून आत्ता एकदा करून गुण लिहून ठेवा. गोळीच्या पुरेशा मात्रेवर ८ ते १२ आठवडे जाऊ द्या आणि मन सावरल्यावर, साधारण सहा महिन्यांनी, चाचणी परत घ्या. मधे घाईने घेतली तर सवयीनेच गुण वाढतात. गुण सुधारले तरी पुढची काही वर्षं दरवर्षी चाचणी घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ५७ वृद्धांच्या अभ्यासात, नैराश्याबरोबर विस्मरण येऊन पुढे ते सुधारलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना काही वर्षांत कायमचा स्मृतिभ्रंश झाला. नुसतं नैराश्य असलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण इशारा गंभीर आहे.

पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल झाली, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा डोक्याला मार लागून त्या सुस्त पडू लागल्या, तर मात्र थांबू नका. जगणं नकोसं झाल्याचं त्या बोलल्या, तर त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर अहोरात्र बोलता येतं, डॉक्टरांनाही त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. दोन वर्षं नैराश्यावर औषध घेतोय. नैराश्यात हिप्पोकॅम्पस लहान होतो असं वाचलं. एका केंद्रात मेंदूचा रंगीत स्कॅन काढून नैराश्य ‘दाखवतात’. काढू का? (डोंबिवली)

उत्तर : नका काढू. तुम्ही वाचलं ते खरं आहे, पण ते सरासरीचं सत्य आहे. २०१६ साली ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने नैराश्याच्या १,७२८ रुग्णांचे स्कॅन ७,१९९ निरोगी माणसांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने सव्वा टक्क्याने लहान भरला. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस तीन-साडेतीन घन सेंटिमीटरचा, म्हणजे हा फरक ४० घन मिलिमीटरच्या आसपास. निरोगी माणसा-माणसांत एरवीच याच्या कितीतरी पट फरक असतो. शिवाय पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांत हा फरक आढळला नाही. तो वारंवार नैराश्य आलेल्यांत आणि कमी वयात सुरुवात झालेल्यांत होता.

२०२२ साली जर्मन संशोधकांनी ८६१ रुग्ण आणि ९४८ निरोगी लोकांवर मेंदूची रचना, जोडण्या, कार्य असं सगळं पडताळलं. एकेका मोजमापावरून रुग्ण ओळखायला गेल्यावर अचूकता ५४ ते ५६ टक्क्यांच्या पुढे गेली नाही. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात.

मोजमापातही खोट येते. स्कॅन चालू असताना डोकं एक-दोन मिलिमीटर हललं, तरी मेंदूचा वरचा थर आहे त्याहून पातळ मोजला जातो. अस्वस्थ माणूस जास्त हलतो, म्हणजे ज्याचा मेंदू ‘पातळ’ निघाला तो कदाचित फक्त चुळबुळत असेल. रंगीत चित्रातला लाल-निळा रंग तर मेंदूचा नसतोच. कुठल्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे माणूस ठरवतो, आणि ती मर्यादा सरकवली की तेच चित्र भयंकर किंवा निर्मळ दिसतं.

एमआरआय करावा तो दुसरं काही नाही ना हे बघायला : फिट येणं, एका बाजूची ताकद जाणं, झोपेतून उठवणारी डोकेदुखी, स्वभावात अचानक बदल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेलं नैराश्य. यांतलं काही नसेल, तर तेच पैसे समुपदेशनाच्या आठ-दहा बैठकींवर घालवा.

प्रश्न : सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांत रोपण आहे. मेंदूचा एमआरआय चालेल का? (लातूर)

उत्तर : गुडघ्याच्या रोपणाची सहसा अडचण येत नाही, पण शस्त्रक्रियेचं कार्ड बरोबर न्या. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर रोपण, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर वेळ ठरवतानाच सांगा. मंगळसूत्र, जोडवी, साडीची सेफ्टी पिन, कवळी, श्रवणयंत्र, औषधी पट्टी सगळं काढायचं. २० ते ३० मिनिटं लागतात. विस्मरणाच्या तपासणीत शिरेतून रंग द्यायची बहुधा गरज नसते. घुसमटत असेल तर आत सरकण्याआधीच डोळ्यांवर रुमाल ठेवा. झोपेचं औषध द्यावं लागलं, तर त्या दिवशी स्मृतीची चाचणी घेऊ नका.

प्रश्न : सेरोटोनिन कमी झाल्याने विस्मरण होतं, असं इथल्या जॉन्स हॉपकिन्सच्या स्कॅनवरून वाचलं. मग नैराश्याची गोळी घेतल्याने स्मृतिभ्रंश टळेल का? (मेरीलँड)

उत्तर : तसं सिद्ध झालेलं नाही. २०१७ च्या त्या अभ्यासात सौम्य विस्मरण असलेले २८ आणि निरोगी २८ लोक होते. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन. ते परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन पेट स्कॅन काढले. विस्मरण असलेल्यांत हे प्रथिन काही ठिकाणी ३८ टक्क्यांपर्यंत कमी दिसलं. पण हे एकाच वेळचं चित्र आहे. सेरोटोनिन आधी गेलं की आठवण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांचे वर्षानुवर्षं स्कॅन लागतात आणि ते महाग पडतात, कारण या द्रव्यातल्या किरणोत्सारी कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं, म्हणजे दर २० मिनिटांनी तो निम्माच उरतो. द्रव्य शेजारच्याच सायक्लोट्रॉन या यंत्राच्या मदतीने बनवून लगेच टोचावं लागतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या त्याच प्रथिनावर जाऊन बसतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांच्या चित्रात जागा आधीच भरलेली असते.

नैराश्य असेल तर गोळी घ्या, ती नैराश्यासाठी. मात्र कोणती हे बघा. अमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची जुनी गोळी आणि तुमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणारी डायफेनहायड्रामिनची झोपेची गोळी, ही दोन्ही आठवणीसाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतात आणि वृद्धांची आठवण बिघडवतात. चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बदला, पण अमिट्रिप्टिलिन एकदम बंद करू नका. अशा अभ्यासात भाग घ्यायला बोलावलं, तर सही करण्याआधी विचारा : एकूण किती मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग, मनगटाच्या धमनीत नळी घालणार का, माझ्या चालू गोळ्या बंद करायला लावणार का, आणि स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर मला कोण कळवणार.