ताणलेली नस

प्रिय,

खुब्याचा सांधा बदललेल्या त्या आजोबांचा पंजा उचलला जात नाही, आणि नस, म्हणजे मज्जातंतू, तर कुठेही कापली गेलेली नाही, मग असे का, हा तुझा प्रश्न वाचला. नस निकामी व्हायला ती कापावीच लागते असे नाही, ताणली तरी पुरे होते. सशांवरील प्रयोगांत नस सुमारे ८ टक्के ताणली जाताच तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त परत फिरणे मंदावले आणि सुमारे १५ टक्क्यांवर रक्तप्रवाहच थांबला. वर्षानुवर्षे आखूड पडलेला पाय आपण तासाभरात लांब करतो, तेव्हा कमरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेचा पंजा उचलणारा भाग, जो वर कटीच्या हाडाच्या खाचेपाशी आणि खाली गुडघ्याजवळ फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) मानेपाशी जखडलेला असतो, तोच आधी ताण सोसतो.

भूल उतरली की त्याच संध्याकाळी पंजा वर उचलायला सांगत जा. तो उचलला गेला नाही, तर पट्ट्या सैल कर, गुडघा थोडा वाकवून ठेव, आत रक्त साचले आहे का ते पाहा आणि वरिष्ठांना तत्काळ कळव. इएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, पहिल्या आठवड्यात केल्यास फसवा ठरतो, म्हणून तीन-चार आठवडे थांब. घोटा आखडू नये म्हणून स्प्लिंट मात्र पहिल्या दिवसापासून हवा.

उमेदवारीच्या काळात मी बेळगावजवळच्या खानापूरकडच्या, असाच पंजा न उचलणाऱ्या एका शेतकऱ्याला "सूज आहे, उतरेल" एवढेच सांगून घरी पाठवले होते. महिन्याने तो आला, तेव्हा डाव्या पायातली चप्पल निसटू नये म्हणून त्याने ती सुतळीने घोट्याला बांधली होती. त्याने सही केलेले संमतिपत्र कानडीत होते आणि त्याला फक्त मराठी वाचता येत होते. त्याला समजेल अशा शब्दांत मीही काही सांगितले नव्हते.

तेव्हा आजोबांना आजच मराठीत सांग. नस नुसती सुन्न झाली असेल, तर काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत पंजा हलू लागेल; आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात. खुब्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंतचे अंतर टेपने त्यांच्यासमोरच मोज, म्हणजे दीड वर्ष का लागू शकते हे त्यांना दिसेल. पूर्ण बरे होईलच असे वचन मात्र देऊ नकोस. आणि पंजा किती हलतो याची नोंद तारीख-वेळेसह केसपेपरवर रोज स्वतःच्या हाताने करत जा.

तुझा,
एक जुना सर्जन