नवऱ्याला जुन्या लाल बसमध्ये 8 हजार पाउंड घालायचेत, काय करू?

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही रेडिंगला राहतो, दोघंही आयटीत, मुलगी नऊ वर्षांची. नवऱ्याला दोन-तीन वर्षांपासून जुन्या ब्रिटिश बसचं वेड लागलंय. रविवार उजाडला की हा एका शेडमध्ये, चार रिटायर्ड गोऱ्या काकांबरोबर रूटमास्टर, म्हणजे लंडनची ती जुनी लाल डबल डेकर, घासत बसलेला. आता त्यांना बसमध्ये अजून एक पार्टनर हवाय आणि याला आमच्या सेव्हिंगमधले 8 हजार पाउंड टाकायचेत. मी म्हटलं, तू परळचा, तुला कसली आलीय 1960 च्या लंडनची आठवण? तर गप्प बसतो. एकदा मी शेडवर गेले होते, चहा पिताना एक काका म्हणाले की तेव्हा हा देश नीट होता. मला ते फार लागलं, याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरात रोज भांडणं आहेत. सासरे बेस्टमध्ये कंडक्टर होते, 2021 ला कोविडमध्ये गेले, आम्हाला जाता आलं नव्हतं. याला काउन्सेलिंगची गरज आहे का? – एस."

एस., तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की प्रश्न पैशाचा आणि रविवारचा आहे, आणि तो आहेच, त्यावर येते मी, पण सासऱ्यांचं वाक्य तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंयस आणि माझी नजर तिथेच अडकली.

बेस्टचा कंडक्टर बाप. म्हणजे हा मुलगा लहानपणी डबल डेकरच्या मागच्या उघड्या दारातून चढला असणार, वर जाऊन पुढच्या सीटसाठी भांडला असणार, आणि खाली बाबा दोरी ओढून डबल बेल देतायत, गाडी निघतेय, हे त्याच्या कानात असणार. आता रूटमास्टर बघ. मागे उघडा प्लॅटफॉर्म, दांडा धरून उडी मारून चढायचं, कंडक्टरने दोनदा घंटा दिली की ड्रायव्हर निघणार. मुंबईत डबल डेकर 1937 ला आल्या त्या इंग्लंडच्याच वळणाच्या, आणि पुढे आपल्याकडे अशोक लेलँडची जी टायटन आली ती इंग्लंडच्या लेलँड टायटनवरूनच बनवलेली होती. त्यामुळे "हा आपला भूतकाळच नाही" हे तुझं म्हणणं मला पटत नाही. लंडनची 1960 ची आठवण त्याला नसेल पण त्या घंटेची आहे. आणि मुंबईतली शेवटची डिझेल डबल डेकर 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाली, लोकांनी फुलं, फुगे लावून तिला निरोप दिला, तेव्हा तुम्ही रेडिंगला होतात. बाबांच्या वेळीही रेडिंगलाच. दोन्ही वेळा त्याला मुंबईत हजर राहता आलं नाही गं. हे मी लांबून, एका पत्रावरून म्हणतेय, चुकत असेन तर तूच सांग, पण त्याला विचार एकदा. भांडताना नको, गाडीत वगैरे शेजारी बसलेले असताना विचार, की बाबांची ड्यूटी कुठल्या रूटवर असायची. बाकी काही बोलू नकोस.

काउन्सेलिंगचं म्हणशील तर झोप, जेवण, कामावरचं लक्ष बिघडलंय का, आधी आवडणाऱ्या गोष्टी सोडल्यात का हे बघ, तसं असेल तर जीपीकडे, तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नक्की जा, त्यात लाज काही नाही. पण रविवारी उठून चार माणसांत जाणारा, हात काळे करून संध्याकाळी घरी येणारा माणूस आजारी आहे असं फक्त त्यावरून म्हणता येत नाही. दुःखाला त्याने काम शोधलंय असं मला वाटतं.

आणि ते काकासुद्धा समजून घे जरा. मी काही वर्षं लंडनला होते, तिथल्या या मंडळींबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. ब्रिटनमध्ये हे वेड एवढं का, तर त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं फार पटकन गेलं. रेल्वेचंच बघ, ब्रिटिश रेल्वेने शेवटचं वाफेचं इंजिन, इव्हनिंग स्टार, मार्च 1960 मध्ये स्विंडनला बांधलं, म्हणजे तुमच्यापासून ट्रेनने अर्धा तास, आणि ते पाचच वर्षांत सेवेतून काढलं. 1963 ला रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांचा रिपोर्ट आला, दोन हजारांवर स्टेशनं बंद करा म्हणून. 11 ऑगस्ट 1968 ला वाफेची शेवटची खास गाडी लिव्हरपूलहून कार्लाइलला जाऊन आली, तिकीट 15 गिनी (गिनी म्हणजे पाउंडाहून जरा जास्त), लोक रुळांच्या कडेला उभे राहून रडले. त्या वेळी वहीत इंजिनांचे नंबर टिपत प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहणारी दहा-बारा वर्षांची पोरं आज सत्तरीला आहेत. त्यांनी नुसते उसासे नाही टाकले हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वेल्समध्ये बॅरी नावाच्या गावी एका भंगारवाल्याच्या यार्डात गंजत पडलेली 213 इंजिनं लोकांनी वर्गण्या काढून सोडवून आणली, आणि त्यातली कितीतरी परत वाफेवर धावली. टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे तर 1951 पासून हौशी लोकच चालवतायत. त्यामुळे तुझा नवरा ज्या शेडमध्ये जातो तिथे नुसत्या गप्पा नसतात, तिथे पितळेची पाइप कशी वाकवायची, जुना गिअरबॉक्स कसा उघडायचा हे हाताने शिकवलं जातं आणि शिकणारे तरुण हात या लोकांना मिळत नाहीयेत, चाळिशीतला माणूस तिथे पोरगाच. कुणीतरी वडीलधारी माणसं त्याला "हे असं धर" म्हणून शिकवतायत. वडील गेल्यावर हे त्याला किती लागत असेल याचा विचार कर.

आता तुला लागलेलं वाक्य. "तेव्हा हा देश नीट होता." तुला वाईट वाटलं ते बरोबरच आहे आणि नवऱ्याने गप्प बसायला नको होतं, हे मी स्पष्ट म्हणते. त्या काकांच्या मनात बहुतेक स्वतःचं तरुणपण असेल, आई असेल, चार पेनीचं तिकीट असेल. पण आठवण अर्धी ठेवली की ती दुसऱ्याला टोचते. रूटमास्टर फेब्रुवारी 1956 मध्ये लंडनच्या रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षी लंडन ट्रान्सपोर्टने कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर जाऊन तिथून माणसं भरती करायला सुरुवात केली कारण बसवर काम करायला लंडनमध्ये माणसं मिळत नव्हती. रूटमास्टरची इंजिनं बनायची साउथहॉलला, एईसी या कंपनीच्या कारखान्यात, ज्या साउथहॉलला तुम्ही आज भाजी आणायला जात असाल. ब्रिस्टलमध्ये तर बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना बसवर घ्यायलाच तयार नव्हती, 1963 ला तिथे पॉल स्टीफन्सन या काळ्या कार्यकर्त्याने आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला, चार महिन्यांनी ऑगस्टच्या शेवटी कंपनी नमली, आणि सप्टेंबरात तिथला पहिला गोरा नसलेला कंडक्टर कामावर चढला तो रघबीर सिंग, आपल्याकडचा शीख माणूस. वुल्वरहॅम्प्टनला शीख कर्मचाऱ्यांना बसवर पगडी घालायला मिळावी म्हणून 1967 पासून भांडण चाललं, 1969 ला बंदी उठली. हे सगळं त्या लाल पत्र्याच्या आत आहे, ते पुसून फक्त पॉलिश करणं मला मान्य नाही.

म्हणून नवऱ्याला सांग की पुढच्या चहाला त्याने हेच सांगावं, भांडायला म्हणून नाही, कंडक्टरचा मुलगा म्हणून. माझे वडील मुंबईत याच घंटेवर काम करायचे, आणि ब्रिस्टलला 1963 पर्यंत त्यांना हे काम मिळालं नसतं. त्याला तो हक्क त्या शेडमधल्या इतर कुणाहूनही जास्त आहे. माझा अनुभव असा की या वेडातली बरीचशी माणसं तपशिलाची भुकेली असतात, खरी गोष्ट ऐकली की खुर्ची पुढे ओढतात. आणि एखादा नाही ओढणार, तर कोणाबरोबर चहा प्यायचा नाही ते तरी कळेल.

पैशाचं मात्र मी सरळ तुझ्या बाजूने. 8 हजार आत्ता द्यायचे नाहीत. प्रेम आहे म्हणून हिशोब नको असं कुठे असतं? बस कोणाच्या नावावर आहे, पार्टनरशिप कागदावर आहे का, उद्या चौघांतले एक काका गेले तर त्यांचा वाटा कोणाचा, याला बाहेर पडायचं तर पैसे परत कसे, इन्शुरन्समध्ये काय काय धरलंय, शेडचं भाडं किती आणि ती शेड किती वर्षं राहणार आहे, ही उत्तरं लेखी हवीत. साधी रूटमास्टर साडेसत्तावीस फुटांची असते, ती तुमच्या ड्राइव्हवेवर नाही उभी राहायची. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही हे तो तुला उत्साहाने सांगेल, खरंच आहे ते, पण टॅक्स हा त्यातला सगळ्यात छोटा खर्च. इंजिन निघालं, चेसिसला गंज निघाला की पार्टनरांच्या खिशाकडेच बघितलं जातं. त्यापेक्षा महिन्याला एक ठरलेली रक्कम, तुम्हा दोघांना न दुखणारी, वर्षभर वर्गणी म्हणून दे म्हणावं, मग पुढचं बोलू. आणि त्याला फक्त काम करायचं असेल तर पार्टनर व्हायलाच हवं असं नाही. वेब्रिजजवळ ब्रुकलँड्सला लंडन बस म्युझियम आहे, तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही, ते स्वयंसेवकांच्या जिवावरच चालतं, तिथे घामाला किंमत आहे, आठ हजार कुणी मागत नाही.

रविवारबद्दल. अशा ग्रुपच्या रॅलींच्या, गाडी बाहेर काढायच्या तारखा बऱ्याच आधी ठरलेल्या असतात, त्या त्याने फ्रिजवर लावायच्या, तुझ्याशी बोलून. महिन्यातले दोन रविवार शेडचे, दोन घरचे, आणि घरच्या रविवारी फोनवर बसचे फोटो बघत बसायचं नाही. शेडच्या दोनपैकी एका रविवारी मुलीला घेऊन जायचं, सकाळभर तुला घर मोकळं मिळेल, त्यात तुला काय करायचंय ते आधी ठरव, नाहीतर तू कपडेच धुशील. तुझ्या पत्रात तुझ्या स्वतःच्या आवडीचा एक शब्द नाही, हे मला खटकलं, पुढच्या वेळी त्याबद्दल लिही.

मुलीला आजोबा फारसे भेटले नसणार. तिकडे एखाद्याकडे जुनं गिब्सन तिकीट मशीन असेलच, लंडनचे कंडक्टर 1953 पासून चाळीस वर्षं ते पोटावर लावून फिरले, हँडल फिरवलं की तिकीट छापून बाहेर येतं. ते तिच्या गळ्यात अडकवून तिला वरच्या डेकवर पाठवा, आणि नवऱ्याला म्हणावं, आजोबा तिकिटाला पंच कसा मारायचे ते तिला करून दाखव. तू पण जा त्या दिवशी, चहाच्या वेळेला मुद्दाम थांब, आणि ते लेखी प्रश्न पर्समध्ये असू देत.