ईव्हीएवर बोनस ठरतोय? मग आधी कॅपिटलचा आकडा कसा काढलाय ते बघा

तुमची पोस्ट वाचली, प्लांटचा नफा वाढलाय तरी हेड ऑफिस म्हणतंय ईव्हीए (इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड, म्हणजे करानंतरच्या नफ्यातून गुंतवलेल्या कॅपिटलचा खर्च, म्हणजेच चार्ज, वजा करून उरतं ते) निगेटिव्ह म्हणून बोनस नाही. अगदी हेच आमच्याकडे झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. फॉर्म्युला तुम्हाला येतो असं धरतो.

पहिलं म्हणजे डब्ल्यूएसीसी (कॅपिटलच्या सरासरी खर्चाचा दर, ज्याने चार्ज काढतात) 12 टक्के का 13 यावर भांडत बसू नका. घोळ बहुतेक वेळा कॅपिटलच्या आकड्यात असतो. आमच्याकडे (ऑटो कंपोनंट, नाव नको) चार्ज नेट ब्लॉकवर (मशिनींची घसारा वजा जाता पुस्तकातली किंमत) लावायचे. म्हणजे 50 कोटींची लाइन घसारा जाऊन पुस्तकात 10 कोटींवर आली की 13 टक्क्यांनी चार्ज 6.5 कोटींवरून 1.3 कोटींवर, कोणी काही न करता ईव्हीए 5.2 कोटींनी वर! आणि ज्या प्लांटने नवीन लाइन घेतली त्याला मशीन कमिशन व्हायच्या आधीच सीडब्ल्यूआयपीवर (उभारणी चालू असलेल्या कामात अडकलेला पैसा) पूर्ण चार्ज. मग कोण कशाला कॅपेक्स (नवीन मशिनींसाठी पैसा) मागेल? जुन्या मशिनी रेटत राहिले, ब्रेकडाउन, रिजेक्शन, कस्टमरची बोलणी, आणि बोनस मात्र त्याच प्लांटला. नवीन लाइन उभी करायला रात्री जागवलेल्या पोरांना काही नाही. आम्ही लेखी दिलं तर उत्तर आलं, 'ग्रुप पॉलिसी आहे.' अजून राग येतो. ह्याला शेअरहोल्डर व्हॅल्यू म्हणणं मला पटत नाही, शेअरहोल्डरचंच नुकसान आहे ते.

माझं मत (सीए नाही मी, कॉस्टिंगवाला आहे, तुमची पॉलिसी वेगळी असू शकते): सीडब्ल्यूआयपी लाइन सुरू होईपर्यंत बाजूला ठेवायला सांगा, त्यावरचा चार्ज प्रोजेक्टच्या किमतीत जमा होऊ दे, माफ करा म्हणू नका, ते कोणी ऐकणार नाही. ग्रॉस ब्लॉक (घसारा न वजा करता मूळ किंमत) घ्या असं काहीजण सुचवतील, पण मग चार्ज वाचवायला चालू मशिनी विकायचा मोह होतो, तेही बघितलंय. आणि बोनस ईव्हीएच्या आकड्यावर नको, मागच्या वर्षापेक्षा किती सुधारला त्यावर हवा, शिवाय थोडा भाग पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी राखून ठेवायचा, म्हणजे एका वर्षापुरती कापाकापी करून कोणी पैसे उचलत नाही.

वर्किंग कॅपिटल (स्टॉक, येणी-देणी यात अडकलेला पैसा) मात्र दर महिन्याच्या सरासरीवरच मागा. 31 मार्चला स्टॉक व्हेंडरकडे ढकलून आकडा छान दाखवायची सवय सगळीकडे आहे.

वरच्यांना दाखवायला उदाहरण हवं असेल तर इन्फोसिस आणि हिंदुस्तान लिव्हरचे जुने ॲन्युअल रिपोर्ट काढा, दोघंही ईव्हीएचा हिशोब छापायचे. गोदरेज ग्रुपने तर व्हेरिएबल पे ईव्हीएला जोडला होता. आणि पुढच्या वर्षीची कॅल्क्युलेशन शीट एप्रिलमध्येच मेलवर मागून ठेवा, तोंडी काही मान्य करू नका.