हेडबोर्ड चिकटवायचा नाही, टांगायचा

प्रश्न: मी 12 एमएम प्लायवर दोन इंची फोम लावून घरीच हेडबोर्ड बनवलाय, पाच फूट बाय तीन फूट, कापड क्लॉथ मार्केटमधून आणलं. यांनी मागे डबल साइड टेप लावून भिंतीला चिकटवला तर चौथ्या रात्री धप्पकन खाली आला, सोबत रंगाचा पापुद्राही निघाला. नशीब, बाळ त्या रात्री आजीजवळ झोपलं होतं. आता सगळे म्हणतात पुढून चार स्क्रू आरपार मारा, पण मग कापडाची वाट लागेल. काय करू?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: ताई, बाळ तिथे नव्हतं हे वाचून आधी हायसं वाटलं. हिशोब बघा, प्लाय दहा-अकरा किलो, त्यावर फोम, कापड, पिना, म्हणजे तेराएक किलो झाले, आणि टेप कितीही चांगला असला तरी तो धरून असतो रंगाला, रंग धरून असतो पुट्टीला, मग जो थर कच्चा तो आधी सुटतो. वजन विटेवर गेलं पाहिजे, रंगावर नाही.

पुढून स्क्रू अजिबात नको. 18 एमएम प्लायची चार इंच रुंद, साडेचार फूट लांब पट्टी घ्या आणि सुताराकडून ती मधोमध लांबीत 45 अंशात तिरकी चिरून घ्या, दोन जोडीच्या पट्ट्या मिळतील. एक भिंतीवर, तिरकी कड वर, अरुंद बाजू भिंतीला आणि रुंद बाजू खोलीकडे, म्हणजे मागे खाच तयार होते. दुसरी हेडबोर्डच्या पाठीला वरच्या भागात, तिरकी कड खाली आणि तिचीही अरुंद बाजूच प्लायला. मग दोघांनी हेडबोर्ड उचलून वरून खाली सरकवायचा, खाचेत बसतो आणि स्वतःच्या वजनानेच घट्ट होतो. दिवाळीच्या साफसफाईला उचलून काढता पण येतो.

पाठीच्या पट्टीला एक इंचीच स्क्रू घ्या हं, पट्टी 18 आणि प्लाय 12 मिळून 30 एमएमच होतात, दीड इंची मारला तर टोक फोममधे निघेल आणि कोणाच्या तरी डोक्याला टोचेल. पट्टीखाली फेविकॉल पण लावा, पण कोऱ्या प्लायवर, दुमडून पिना मारलेल्या कापडावर नाही.

आता भिंत. पलंगाजवळचा स्विचबोर्ड बघा, त्याच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नका, आतून वायर गेलेली असते. पहिलं भोक पाडताना खाली कागद धरा आणि भुकटी बघा: आधी राखाडी येईल ते प्लास्टर, मग लाल आली की वीट, आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, भुकटी पांढुरकी आली तर ते हलके ब्लॉक आहेत, नवीन फ्लॅटमधे बऱ्याचदा हेच असतात. विटेला सियागंजात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे 8 एमएमची गिट्टी (भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग) मागा आणि स्क्रू तीन इंची, म्हणजे 75 एमएमचे, कारण 18 एमएम पट्टीत गेले, 15एक प्लास्टरमधे, उरलेले चाळीस विटेत, आणि खरी पकड त्या चाळीसचीच. दोन इंची स्क्रू विटेत जेमतेम 17 एमएमच जातो. पाणसळ लावून पाच स्क्रू मारा. हलके ब्लॉक निघाले तर ड्रिलचं हॅमर बंद ठेवा आणि ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी येते तीच घ्या, साधी आतल्या आत फिरत राहते.

हेडबोर्डच्या खालच्या कडेला मागून 18 एमएमचाच तुकडा लावायला विसरू नका, नाहीतर टेकलं की खालून आत जातो आणि खटखट वाजतो. मागे जी फट राहते ती फायद्याचीच आहे, पावसाळ्यात हवा खेळते, कापडाला बुरशी धरत नाही. उंची ठरवताना गादी घालूनच मापा, हेडबोर्डची खालची कड गादीच्या वरच्या पातळीपेक्षा तीन-चार इंच खाली हवी, नाहीतर उशी मागे घसरते.

टांगून झाल्यावर दोन्ही हातांनी खाली जोर देऊन बघा, आणि आठवडाभर बाळाला तिथे झोपवू नका, पट्टी हलली नाही याची खात्री होऊ द्या.

प्रश्न: आमचं राजवाड्याजवळचं जुनं घर, चुन्याच्या भिंती, गिट्टी बसतच नाही, भोक मोठं होत जातं. आम्ही काय करावं?

उत्तर: काका, त्या भिंतीला त्रास देऊ नका. हेडबोर्डच्या मागे दोन लाकडी पाय लावून ते जमिनीवर टेकवा आणि पलंगाच्या फ्रेमला नट-बोल्टने कसा. वजन फरशीवर जाईल, भिंतीला फक्त टेकून राहील.