पहिलटकरणीसाठी: तपासण्यांच्या तारखा चुकवू नकोस

ताई, अभिनंदन! मी दोन्ही बाळंतपणं जळगावात केली, म्हणून थोडं हक्कानं सांगते.

सगळ्यात आधी शेवटच्या पाळीची तारीख वहीत लिहून ठेव. पुढचा सगळा हिशोब तिच्यावर. एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी, ११ ते १४ आठवड्यांच्या मधेच होते. डबल मार्करचं रक्तही त्याच सुमारास देतात; बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असण्याची जोखीम किती, ते या दोन्हींवरून काढतात. 'आखाजीला माहेरी जाऊन आल्यावर बघू' म्हणालीस की वेळ गेलीच! मग १८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी.

आता नवख्या हमखास घाबरतात ती गोष्ट. या तपासणीच्या रिपोर्टवर '१:२००' असं आलं, की घरात रडारड. अगं, त्याचा अर्थ अशा २०० जणींपैकी एकीच्या बाळाला तो दोष असू शकतो, १९९ जणींच्या नाही. ही चाळणी आहे, निदान नव्हे. जोखीम जास्त आली तर पुढची तपासणी डॉक्टर सांगतील. आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नकोस. उलट 'कमी जोखीम' म्हणजे शंभर टक्के हमी, असंही नाही.

नंदुरबार-धुळ्याकडची असशील तर सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी लवकर कर. तू वाहक निघालीस, म्हणजे तुला आजार नाही पण तो बाळाकडे जाऊ शकतो असं निघालं, तर नवऱ्याचीही करायची, तिथे लाजायचं नाही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. आशाताईला विचार.

आणि सासूबाईंनी 'काय आहे?' विचारलं तर सांग, ते विचारणं-सांगणं कायद्यानं गुन्हा आहे.