पिक्चर 'सुटला' की 'संपला'?

विदर्भात दारव्ह्याजवळच्या गावातली बारावीची एक मुलगी विचारते: "निबंधात मी लिहिलं, 'पिक्चर सुटल्यावर आम्हाला बस भेटली नाही.' सरांनी 'पिक्चर सुटल्यावर' खोडून 'चित्रपट संपल्यावर' केलं. आमच्याकडे तर सगळे सुटलाच म्हणतात. चूक आहे का?"

चूक नाही. संपतो तो पडद्यावरचा खेळ, सुटतात ती आतली माणसं. शाळा सुटली म्हणजे इमारत कुठं जात नाही, कोंडलेली पोरं बाहेर येतात. तसंच पिक्चर सुटला म्हणजे दारं उघडली आणि सायकल स्टँडवर झुंबड उडाली. म्हणूनच मोबाइलवर एकट्यानं पाहिलेला पिक्चर संपतो, सुटत नाही. तुझी बस चुकली ती गर्दीसोबत बाहेर पडल्यावर, तेव्हा तुझाच शब्द नेमका.

गंमत अशी, की सिनेमाची नावं आपण बाहेरून घेतली किंवा घडवली, पण क्रियापदं घरचीच राहिली. "कोनता पिच्चर लागला हाय टॉकीजले?" असं आपण विचारतो. तो लागतो, चालतो, नाहीतर पडतो आणि आठवड्यात उतरतो.

या 'टॉकीज'चंही तसंच. 1931 साली 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला, म्हणून ती 'टॉकी'. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीतही बोलला. त्यासाठी घडवलेला 'बोलपट' आज फारसा कुणी म्हणत नाही. टॉकीज मात्र आपल्याकडे इमारतीलाच चिकटली, तीही स्त्रीलिंगी होऊन.

'चित्रपट' हा शब्द सिनेमाहून कितीतरी जुना. पट म्हणजे कापड, चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड. पांढऱ्या पडद्याला तो छान बसला. पण भंडाऱ्याकडच्या म्हाताऱ्याला "पट पाहाले चाललो" म्हणून बघ, तो बैलजोड्यांचीच चौकशी करेल. तिकडे पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत!

दिग्दर्शक, पटकथा, छायाचित्रण हे शब्द लिहिताना बिनधास्त वापर. 'संकलन' मला जरा अपुरा वाटतो. संकलन म्हणजे गोळा करणं, आणि तो माणूस तर निम्म्याहून जास्त कापून फेकतो. पण रुळला आहे, राहू दे. 'रीळ' आणि 'रील' मात्र वेगळे ठेव. हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं. मोबाइलवरची ती रील.

परीक्षेत 'चित्रपट' लिहिलास तर पुढे 'संपला' लिही; 'चित्रपट सुटला' कानाला खटकतं, धोतरावर टाय बांधल्यासारखं. 'पिक्चर' लिहिलास तर 'सुटला'च ठेव.

आणि 'बस भेटली नाही'वर सरांनी लाल शाई चालवली नाही ना? म्हणजे सर आपल्याकडचेच. पुण्याकडे बस 'मिळते'.