पिन्यन-ज्युनिपरच्या रानात नोंदी घेताना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील सेव्हिलेटासारख्या रानात पिन्यन पाइन आणि ज्युनिपर ही सूचिपर्णी झाडे शेजारी शेजारी वाढतात. तेथे काम सुरू करताना तुम्ही फांदीतील पाण्याचा ताण सूर्योदयापूर्वीच मोजावा, कारण रात्रभरात झाड मातीतील ओलाव्याशी बहुतांशी समतोलात आलेले असते. पिन्यन हा ताण साधारण उणे 2 मेगापास्कलपाशी (हे दाबाचे एकक; आकडा जितका अधिक उणे, तितका ताण जास्त) पोचला की पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, मिटून घेतो, त्यामुळे पाणी वाचते, पण अन्ननिर्मिती खुंटते. ज्युनिपर मात्र याहून कितीतरी अधिक ताण सोसत ती उघडी ठेवतो. 2002च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर पिन्यनच मेले, आणि त्यात सालीखालच्या भुंगेऱ्यांचाही हात होता. म्हणूनच खोडावरील राळेचे थेंब व भुसा या भुंगेऱ्यांच्या खुणांची नोंद केल्याशिवाय मृत्यूचे कारण लिहू नका. माझा विशेष आग्रह असा, की जिवंत झाडांनाही पहिल्याच फेरीत क्रमांक द्यावेत. अन्यथा तुलनेला आधारच उरत नाही.